रिकामी टाचणी

चौथा कप्पा उघडला की नवी मुलं आधी हसतात.
डांबरगोळीचा वास, पांढरा तळ,
ओळीनं टाचण्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी:
नाव, कूळ, कुठल्या झाडावर पडते.
टाचणीवर मात्र काहीच नाही.

मी पदवीधर नाही.
वेंगुर्ल्याच्या या केंद्रात एकतीस वर्षं किडे टोचतो.
भुंगा उजव्या पंखातून,
पतंग छातीच्या मधोमध.
जीवनचक्र साहेब शिकवतात.
मी शिकवतो, हात कसा थरथरू द्यायचा नाही.

यंदा बारा जण.
दाभोळची सुमय्या मुकादम.
तिच्या वडलांचा हापूस एकदा समुद्रापार गेला
आणि कोयीतल्या एका सोंडकिड्यापायी तिथंच जाळला.
पेट्यांचे पैसे आले नाहीत, एक कागद आला.
तो कागद वाचायला म्हणून ती शिकली, असं म्हणते.
रोह्याकडचा यशवंत हिलम,
जो ओंबिलांचं घरटं बघून सांगतो
की या काजूवर ढेकण्या टिकायचा नाही.
(पुस्तकात हे पान एकशे बेचाळीसवर आहे. त्याला आजीकडून.)
आणि मोकोकचुंगची आरेनला,
मराठी अजून अडखळतं,
पण एकदा जेवताना सहज म्हणाली,
"आमच्या मक्यात अळी आली, तेव्हा
आमच्या भाषेत तिला नाव नव्हता.
नाव नव्हता म्हणून कोणी ओरडला नाही."
कुणी तिचं व्याकरण सुधारलं नाही.

उभादांड्याला एका मळ्यात नेलं त्यांना.
माडाला कान लावा, म्हटलं.
बारा डोकी बारा खोडांना,
लांबून बघणाऱ्याला वाटावं, नवस चाललाय.
आत कुरकुर. ओल्या कागदासारखी.
मालकीण म्हणाली, "म्हयनो झालो, माड रडता."
साहेबांनी लिहायला सांगितलं: तपकिरी स्राव.
सुमय्यानं दोन्ही लिहिलं, एकाखाली एक.

मग जयगडचा धक्का.
रात्री साडेनऊ, लाकडी फळ्यांच्या थप्प्या,
बॅटरीच्या उजेडात सुमय्या एकदम थांबली.
बोटाएवढा भुंगा, मिशा अंगाहून लांब.
कुणी श्वास घेईना.
कुपी, अल्कोहोल, नोंद, वेळ,
सगळं शिकवल्याप्रमाणे, हात अजिबात न थरथरता.
परत येईपर्यंत गाडीत कुणी झोपलं नाही.
चौथ्या कप्प्यातली चिठ्ठी
आज भरणार, असं सगळ्यांना वाटत होतं.
मलाही. खोटं कशाला बोलू.

सूक्ष्मदर्शकाखाली तो निघाला
आमच्याच आंब्यावरचा भिरूड,
धक्क्यावरच्या दिव्याला भुलून आलेला.
सुमय्याचा चेहरा पडला.
मग चेहरा पडला याचीच तिला लाज वाटली.
त्या लाजेवर मी काही बोललो नाही.
तो धडा कुणाच्याच वहीत नसतो.

एकदाच, एकतीस वर्षांत,
मी चौथ्यातली चिठ्ठी दुसऱ्यात हलवलीय.
माडावरची पांढरी माशी, गोल गोल अंडी घालणारी.
टोचण्याएवढीही नव्हती ती,
कागदाच्या टोकाला डिंकानं चिकटवली.
तोवर झावळ्या काजळीनं काळ्या झालेल्या,
आणि आम्ही महिनाभर म्हणत होतो,
भट्टीचा धूर असेल.

काल तुकडी गेली. कुणी बंदरावर, कुणी विमानतळावर,
यशवंत काजूच्या रोपवाटिकेवर.
त्यांनी काम नीट केलं तर
कुणाला कळणारही नाही की काही केलं.
सत्कार नाही, बातमी नाही,
आंबा फक्त आंब्यासारखा पिकेल.

जाताना आरेनलानं विचारलं,
"रिकाम्या टाचण्या तुम्ही बदलतो का? कशाला?"
खारी हवा, म्हटलं. गंजतात.

आज सोमवार. कप्पा उघडलाय.
तिसऱ्या ओळीतली एक लालसर झालीय.
ती काढतो, नवी रोवतो.
चिठ्ठी तीच.